उंबऱ्याबाहेरची गृहभेट

मामांचं काम होतं गृहभेटीचं, आणि मामा कुणाच्याही घरात कधी गेले नाहीत. पाथर्डी तालुक्यात मी त्यांच्याबरोबर दीड वर्ष फिरले. तेवढ्या काळात त्यांनी एकदाही कुणाचा उंबरा ओलांडला नाही. ओट्यावर बसायचे, तेही दाराकडे पाठ करून आणि तोंड रस्त्याकडे. पहिल्या दिवशी मला वाटलं, माणूस कशावरून तरी रुसलाय.

मामा आरोग्य सेवक होते, मूळचे हिवताप विभागाचे. तीस वर्षं त्यांनी दारोदार जाऊन लोकांची बोटं टोचली, रांजणात बॅटरी मारून डासांच्या अळ्या शोधल्या आणि भेट दिल्याची तारीख गेरूनं भिंतीवर लिहिली. नोकरी संपत आली असताना ती योजना आली. आधी थोड्याच तालुक्यांत होती. मग वरच्यांना फार आवडली आणि एकदम राज्यभर पसरली. तान्हं मूल असलेल्या प्रत्येक घरी ठरलेल्या दिवशी दोघांनी जायचं, एक अंगणवाडीकडचं आणि एक आरोग्याकडचं. आईशी बोलायचं, बाळ बघायचं आणि सगळं मोबाईलवरच्या ॲपमध्ये भरायचं. अंगणवाडीकडची मी, नवी कोरी पर्यवेक्षिका, नगर शहरात वाढलेली आणि अजून नोकरीत कायम न झालेली. आरोग्याकडून खरं तर सिस्टर यायला हवी होती, पण आमच्या उपकेंद्रातली सिस्टरची जागा कधीचीच रिकामी होती. आदेशात लिहिलं होतं, 'सिस्टर नसल्यास उपलब्ध कर्मचारी.'

"मी उपलब्ध हाय," अशीच मामांनी माझ्याशी ओळख करून घेतली.

मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. बाळंतिणीच्या खोलीत हा झुपकेदार मिशांचा, साठीला टेकलेला माणूस न्यायचा कसा? हातात बारा महिने तेरा काळ छत्री. माझ्या स्कूटीवर मागे बसून ते त्याच छत्रीनं मला दिशा दाखवायचे. डावीकडे वळायचं असलं की डाव्या खांद्यावर टोच, उजवीकडे असलं की उजव्या. थांबायचं असलं की पाठीत. पहिल्या आठवड्यात माझ्या पाठीला निळे डाग पडले होते.

आत का येत नाही, असं मी एकदा चिडूनच विचारलं. ते म्हणाले, "तितं बाईमानूस पाजत बसलीय, आन मी कशाला तडमडायला जाऊ?" आणि वर म्हणाले, "आन मॅडम, घरातली मान्सं घरात खोटं बोलत्यात. भाईर बसलं की खरं दिसतं."

सगळा भाग त्यांना मामा म्हणायचा आणि ते नाव त्यांना पगारापेक्षा प्यारं होतं. कुणी चुकून काका म्हटलं की तिथल्या तिथे दुरुस्त करायचे. "काका सासरचा असतो. मामा माहेरचा. माहेरच्या मान्साला बाई खरं सांगती."

आता बाहेर बसून त्यांना काय दिसायचं, तर दोरी. अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी. स्कूटी थांबवून मी हेल्मेट काढेपर्यंत त्यांची दुपटी मोजून झालेली असायची. "आठ. पितंय झकास." किंवा, "नऊ, पन हिरवट डाग हायत. आत जाऊन ईचारा, पोट बिघडलंय का." मी आत जायची, वजनकाटा काढायची, तक्ता उघडायची, प्रश्नावलीतले सगळे प्रश्न क्रमानं विचारायची, आणि पाऊण तासानं बाहेर येऊन जे सांगायची ते मामांनी आधीच सांगितलेलं असायचं. मला याचा फार राग यायचा.

बाळाची दुपटी मोजून झाली की ते आईचे कपडे शोधायचे. दोरीवर आईची साडी किंवा गाऊन नसला की अस्वस्थ व्हायचे. "बाळाचं धुनं सगळीच धुत्यात, त्येला कवतिक असतं. आईचं बघा. दोन दिस आईचं कापड दोरीवर न्हाई, म्हंजे तिला आंगुळीला सवड न्हाई. पोराला घटकाभर धरायला कोनी न्हाई." मग खिशातून गेरूचा खडा काढून भिंतीच्या कडेला लिहायचे. वर तारीख, खाली दुपट्यांचा आकडा, आणि त्याच्या शेजारी आईचे कपडे दिसले तर गोल, नाही दिसले तर फुली. हिवतापाच्या काळातली सवय, हात राहत नव्हता. नव्या रंगाच्या भिंतीवर लिहिलं म्हणून दोनदा त्यांची तक्रार झाली होती, त्यातली एक सरपंचांचीच.

आत न जाता मामा बोलायचे मात्र भरपूर. तेही फोनवर, आपल्या बायकोशी. एखादी सासू सुनेला पाणी पिऊ देत नाहीये, बाळ गार पडेल म्हणून, असं मी आतून कळवलं की मामा फोन कानाला लावायचे आणि ओट्यावरून सुरू व्हायचे. "अगं, तुला पानी दिलं न्हाई माझ्या आईनं, मान्य हाय! दूध आटलं, ते बी मान्य हाय! पन आता त्याला तीस वर्सं झाली, अजून किती दिस बोलून दाखवशील? म्हातारी गेली बिचारी, तिचं नाव कशाला खराब करतीस गल्लीत?" आतली सासू कान टवकारून ऐकायची. मग हळूच सुनेला तांब्या द्यायची. आपल्यामागे आपलं नाव गल्लीत कुणी खराब करावं, असं कुठल्या सासूला वाटतं?

कुणी बाळाला मध चाटवला, तर मामांच्या बायकोनं मध चाटवलेला असायचा. कुणी टाळू भरता भरता कानातही तेल ओतलं, तर मामांच्या मेहुणीनं ते आधीच ओतून ठेवलेलं असायचं. एकदा तिसगावात ते असेच रंगात येऊन फोनवर भांडत होते आणि तोच फोन कानावर खणखणीत वाजला. पलीकडून कुणीच बोलत नव्हतं, हे साऱ्या ओट्याला कळलं. मामा जरासुद्धा डगमगले नाहीत. वाजणाऱ्या फोनकडे बघत म्हणाले, "बघा, रागानं कट केला आन परत लावला." सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. तरी मध चाटवणं बंद झालं ते झालंच.

ॲपला मात्र मामा मंजूर नव्हते. प्रत्येक भेटीचा घरातला फोटो लागायचा, त्यात आई, बाळ आणि दोन्ही कर्मचारी. माझ्या सगळ्या फोटोंत मी हसतेय, आई हसतेय, बाळ झोपलंय, आणि मागे उघड्या दारातून मामांची पाठ दिसतेय. ॲप सांगायचं, 'दुसऱ्या कर्मचाऱ्याचा चेहरा आढळला नाही.' तालुक्याच्या यादीत मामांच्या नावापुढे महिन्यामागून महिने शून्य. त्यांच्यामुळे माझ्याही भेटी अर्ध्याच धरल्या जायच्या. दर महिन्याला नगरला आढावा बैठकीत पडद्यावर प्रत्येकीचं नाव यायचं, पूर्ण काम असलं तर हिरवं, अर्धवट असलं तर लाल. माझं कायम लाल. मला कायम व्हायचं होतं, आणि लाल नावं कायम होत नाहीत, असं सगळ्या सांगायच्या. मी मामांच्या हातापाया पडले, की एकदा फक्त तोंड वळवा. ते म्हणाले, "तोंड वळवलं की आत बघनं आलं."

ॲपची आणखी एक गंमत होती. ॲपमध्ये घर म्हणजे बाईचं नाव जिथे नोंदलंय ते, म्हणजे सासर. आणि आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. पोरगी सातव्या महिन्यात माहेरी येते आणि बाळ दीड-दोन महिन्यांचं करून परत जाते. म्हणजे ज्या दिवसांत कुणीतरी जाऊन बघायला हवं, नेमक्या त्याच दिवसांत योजना सासरच्या रिकाम्या खोलीचं दार वाजवत उभी असायची. सासरच्या गावची अंगणवाडी ताई लिहायची 'घरी नाही', आणि माहेरच्या गावच्या ताईच्या यादीत ती पोरगी मुळात नसायचीच. एवढी हुशार माणसं बसून योजना आखतात, त्यातल्या प्रत्येकाची बायको पहिल्या वेळी माहेरीच गेली असणार, आणि तरी हे एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, माझ्याही आलं नव्हतं.

तिसगावच्या पुढे रस्त्याला लागून एक वस्ती होती. तिथून जाताना एक दिवस मामा मागून म्हणाले, "हितं नवं बाळ हाय. सात." मी थांबून ॲपमध्ये पाहिलं. नाव नाही. शेजारी विचारलं, तर मुलगी बाळंतपणाला आलेली, सासर शेवगावकडचं. "आपल्या यादीत नाही, मामा," म्हटलं आणि निघाले. दोन दिवसांनी पुन्हा तिथूनच गेलो. मामा म्हणाले, "पाच." मी म्हटलं, "मामा, यादीत नाही." पुढच्या घरी त्यांचं लक्ष नव्हतं. दोरी न बघताच ओट्यावर टेकले.

तिसऱ्या वेळी महिन्याचा शेवटचा दिवस होता. दोन भेटी राहिल्या होत्या. त्या दोन घरांतले पुरुष मला अगदी भावासारखे, त्यांनी मामांना हाताला धरून, डोळे मिटून का होईना, आत आणायचं कबूल केलं होतं. मामांनीही "बघू" इतपत मान हलवली होती. संध्याकाळी पाचच्या आत फोटो चढवले की माझं नाव आयुष्यात पहिल्यांदा हिरवं होणार होतं. मी स्कूटी जोरात सोडली होती. त्या वस्तीपाशी पाठीत छत्री इतक्या जोरात टोचली की मी ओरडलेच.

"थांबा. तीन."

"मामा, ऊन कडक आहे. वाळली असतील, काढून नेली असतील."

मामांनी क्षणभर विचार केला. माझं म्हणणं पटण्यासारखं होतं, त्यांनाही ते पटलेलं हवं होतं. मग म्हणाले, "पन पोरीच्या आईचं पातळ वाळून कडाक झालंय, ते न्हाई काढलं. मंग दुपटीच तेवढी कशाला काढतील?"

"मामा, या घरासाठी ॲपच उघडत नाही."

"दार उघडं हाय की."

मामा ओट्यावर जाऊन पाठ करून बसले. मी दारात उभी राहिले. मुलीची आई भाकरी थापत होती, लगबगीनं बाहेर आली. आम्ही बाळाचं विचारल्यावर तिचा चेहरा कौतुकानं फुलला. "लई गुनाचं बाळ हाय बगा. रडत सुदिक न्हाई. दोन दिस झालं, नुसतं झोपून असतंय. पाजायला उटवावं तर उटत न्हाई. आईला कायबी तरास न्हाई त्याचा."

मामांनी तोंड वळवलं. वर्षभरात पहिल्यांदा मी त्यांना कुणाच्या दाराकडे बघताना पाहिलं. माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, आत जा. पाय बघा त्याचं. आधी पाय."

पाय गार होते. भर उन्हाळ्यात, पत्र्याच्या खोलीत, त्या बाळाचे पाय गार होते. मी प्रशिक्षणात शिकल्याप्रमाणे तळव्याला टिचकी मारली. प्रशिक्षण आम्हांला एका मंगल कार्यालयात प्लास्टिकच्या बाहुलीवर झालं होतं आणि बाहुली जेवढी हलली होती तेवढंच हे बाळ हललं. त्याची आई, वीस-एकवीस वर्षांची पोरगी, माझ्या तोंडाकडे बघत होती. माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे, ती एकदम रडायला लागली. खरं सांगायचं तर मलाही काही सुचत नव्हतं.

बाहेरून मामांचा आवाज यायला लागला. ते पुन्हा पाठ करून बसले होते आणि समोरच्या लिंबाच्या झाडाला सूचना देत होते. "आंगावरलं वल्लं कापड काढा! त्याला उगडं करून आईच्या छातीला लावा, कातडीला कातडी! वरून गोधडी! डोक्याला कुंची! मावशे, तोंडात कायबी घालू नका, मध न्हाई, साखरपानी न्हाई, कायबी न्हाई! हातातली वाटी खाली ठेवा!"

मावशीच्या, म्हणजे पोरीच्या आईच्या, हातात खरंच वाटी होती. तिनं ती दचकून खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं, की या माणसाला पाठीला डोळे आहेत का.

रुग्णवाहिकेला फोन केला, ती दुसऱ्या टोकाला गेली होती. मामांनी रस्त्यात उभं राहून, छत्री आडवी धरून, पहिला आला तो टेम्पो अडवला. नगरला कांदा घेऊन निघाला होता. पुढे ती पोरगी, तिच्या छातीशी बाळ आणि कडेला मी. मामा मागे कांद्याच्या गोण्यांवर. रस्ताभर दर पाच मिनिटांनी मागच्या खिडकीवर छत्री वाजायची आणि मी मान हलवायची, की श्वास चालू आहे.

एक गोष्ट मी आजपर्यंत कुणाला सांगितलेली नाही. त्या टेम्पोत मी दोनदा घड्याळ बघितलं, आणि ते बाळासाठी नव्हतं. पाच वाजून जातील म्हणून होतं. आठवलं की अजून लाज वाटते.

बाळ नगरच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत राहिलं आणि बरं होऊन घरी गेलं. "उद्यावर ढकललं असतंत तर अवघड होतं," असं डॉक्टर म्हणाले. ते ऐकून मामा तिथेच जिन्यात बसले आणि बराच वेळ कांद्याचं फोलपट सदऱ्यावरून काढत राहिले. ते कधीच पडून गेलं होतं.

पुढच्या बैठकीत माझं नाव लाल होतं. आढावा घेणारे साहेब माणूस वाईट नव्हते, पण पडदा लाल असला की त्यांना काही सुचायचं नाही. त्यांनी मामांना उभं केलं. "वर्ष झालं, तुमच्या भेटी शून्य?"

"शून्य कुटं, सायेब? सगळ्या भिंतीवर हायत की."

"भिंतीवर म्हणजे? फोटो कुठंय?"

"मान्सं फोटोला हसत्यात, सायेब. भिंत आनता आली असती तर आनली असती." सभागृह हसलं. मग मी उठले आणि त्या बाळाचं सगळं सांगितलं. माहेरी आलेल्या पोरी कुणाच्याच यादीत नसतात, हेही सांगितलं. साहेबांनी गंभीरपणे लिहून घेतलं, वर कळवतो म्हणाले, आणि खरोखर कळवलं. तीन महिन्यांत ॲप सुधारून आलं. त्यात एक नवं बटण होतं, 'माहेरी गेली'. ते दाबलं की ते नाव यादीतून जायचं आणि ताईचं काम पूर्ण धरलं जायचं. मामांना मी ते दाखवलं. ते बटणाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आता तर सरकारनं पोरीला सोडचिठ्ठीच दिली की."

मामा निवृत्त झाले तेव्हा निरोपाला त्यांची बायको आली. आमच्या सगळ्या जणी तिला बघायला पुढच्या रांगा धरून बसलेल्या. जिनं मध चाटवला, कानात तेल ओतलं, पाण्यावरून तीस वर्षं नवऱ्याला बोलून दाखवलं, ती ही! ती बुटकीशी, शांत बाई होती. आम्ही एकेक ऐकवायला लागलो तशी ती चकित झाली. "मी यातलं कायबी केल्यालं न्हाई," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे बघत, "आन यांनी जलमात पोराचं एक दुपटं धुतलं न्हाई. आता गावाची मोजत फिरतेत." सगळे हसून लोळायचे बाकी राहिले. मामा तेवढे हसले नाहीत. श्रीफळ मांडीवर घेऊन म्हणाले, "म्हनून तर."

नंतर ते नागापूरला मुलाकडे राहायला गेले. मुलगा तिथल्या कारखान्यात होता. मी यथावकाश कायम झाले, माझं लग्न झालं आणि बदली करून संगमनेरला सासरी गेले. दिवस राहिले तेव्हा नाव तिथेच नोंदवलं. आणि सातव्या महिन्यात, अर्थातच, नगरला सावेडीत आईकडे आले. संगमनेरच्या ताईनं नियमाप्रमाणे 'माहेरी गेली' दाबलं. तिच्या जागी मी असते तर मीही दाबलं असतं.

मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आले त्या दिवशी मामांचा फोन आला. अभिनंदन वगैरे काही नाही. "दोरी कुटल्या अंगाला हाय?"

"गॅलरीत, मामा. रस्त्याच्या बाजूला. दुसरा मजला."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. मी हसले आणि विसरून गेले.

दुसऱ्याच दिवशी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अध्यक्षांचा निरोप आला. आईनं तो मला मोठ्यानं वाचून दाखवला. 'एक संशयास्पद इसम, पांढरा शर्ट, मिशा, हातात छत्री, सकाळी गेटजवळ कचऱ्याचे डबे उघडून बघत होता. सर्वांनी दारं लावून घ्यावीत.' आई दाराला आतून कडी घालून आली. माझ्या डोक्यात काहीतरी हललं, पण तेवढ्यात बाळ रडलं आणि ते तिथेच राहिलं.

पुढचे दिवस मला नीट आठवत नाहीत. आई जन्मभर शाळेत शिक्षिका, शिस्तीची. तिनं बाळाचं वेळापत्रक भिंतीवर लावलं. येणारा जाणारा बाळ बघायचा, नाक कुणावर गेलंय ते ठरवायचा, पेढा खायचा आणि जायचा. पाजलंस का, ढेकर काढलीस का, अंग दुखत असेलच, आमच्या वेळी तर काहीच नव्हतं. मी एकाच गाऊनमध्ये होते. किती दिवस, ते मोजायचंही भान नव्हतं. बाळ खाली ठेवलं की रडायचं, म्हणून ठेवायचं नाही. बाथरूममध्ये नळ सोडून मी रडून घ्यायची आणि दोन मिनिटांत बाहेर यायची. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरी जाऊन 'आईची मनःस्थिती कशी आहे' या रकान्यात 'उत्तम' लिहिणारी मी, मला कुणी विचारलं की म्हणायची, उत्तम. आणि रोज वाटायचं, हे बाळ मला जमणार नाही, आणि हे कुणाला कळलं तर काय म्हणतील.

एका सकाळी खालून रस्त्यावरून आवाज आला. भांडणाचा.

"अगं, बाळ बगायला सगळी हायत! बाळाच्या आईला कोन बगतंय? ती मानूस हाय का दुधाचं यंत्र? तुज्या वक्ताला माज्या आईनं चूक केली, मी बी केली, मला कळलं न्हाई! पन आता तरी घे तिच्याजवळचं पोर दोन तास! डोक्यावरनं पानी घिऊ दी तिला! गरम भाकर वाढ आन झोपू दी! तुजीच लेक हाय न्हवं ती?"

माझी आई गॅलरीत गेली. "कोण हा अडाणी माणूस? घरची भांडणं रस्त्यावर, आणि तीही फोनवर!" पण ती लगेच आत आली नाही. गॅलरीतल्या दोरीपाशी तशीच उभी राहिली. दोरीवर चौदा दुपटी होती, झबली होती, टोपडी होती, तिचा स्वतःचा गाऊन होता.

आत आली ती सरळ माझ्यापाशी आली. माझ्या केसांवरून हात फिरवला, आणि तिचा हात केसांच्या गुंत्यात अडकला. तिनं बाळ माझ्याकडून घेतलं. "गीझर लावलाय," म्हणाली. "सावकाश कर. मी आहे."

मी गॅलरीकडे धावले. कोपऱ्यावरून एक बंद छत्री नागापूरच्या बसथांब्याकडे वळत होती. हाक मारेपर्यंत ती दिसेनाशी झाली. त्या दिवशी मी तासभर अंघोळ केली आणि दुपारी तीन तास झोपले. संध्याकाळी माझा धुतलेला गाऊन आईनं दोरीवर टाकला, मधोमध, बाळाची दुपटी बाजूला सारून.

बाळ दीड महिन्याचं झाल्यावर नवरा न्यायला आला. खाली गाडीत सामान चढत होतं. गेटपाशी आमचा वॉचमन ओलं फडकं घेऊन कंपाउंडची भिंत घासत होता आणि कुणाच्या तरी नावानं बोटं मोडत होता. नुकताच पांढरा रंग दिलेल्या भिंतीवर कुणीतरी गेरूनं लिहून ठेवलं होतं. अध्यक्षांनी शेजारीच 'भिंतीवर लिहू नये' असा कागद चिकटवला होता, आणि त्यानंतरही लिहिलं गेलं होतं.

मी वाकून पाहिलं. तारखांची एक ओळ होती. पहिल्या तारखेखाली शून्य होतं, ते खोडून पुढे लिहिलं होतं, 'डबा, ८'. दवाखान्यातून आणलेले डायपर संपेपर्यंत आम्ही तेच वापरले होते. त्याच्यापुढे गोल. मग दहा आणि गोल. मग अकरा, आणि फुली. मग तीन-तीन दिवसांच्या अंतरानं आणखी दोन फुल्या, शेवटची इतक्या जोरात ओढलेली की रंगाचा टवका निघाला होता. त्यानंतर गोल, गोल, गोल. शेवटची तारीख कालची होती.

"काय गं हे?" आई बाळाला घेऊन मागे येऊन उभी राहिली.

"गृहभेट."

आईनं चष्मा सारखा केला आणि वह्या तपासताना बघायची तशी एकेक तारीख बोट लावून पाहिली. "आणि या फुल्या कसल्या?"

"त्या माझ्या," मी म्हणाले.

आईनं पुढे होऊन वॉचमनच्या हातातलं ओलं फडकं काढून घेतलं.